सी. रामचंद्र : ठेक्याला प्रतिष्ठा देणारा संगीतकार

हिंदी चित्रपटसंगीतात पाश्चात्य नृत्यतालांना हक्काची जागा मिळवून देणाऱ्या संगीतकारांमध्ये रामचंद्र नरहर चितळकर ऊर्फ सी. रामचंद्र यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. १२ जानेवारी १९१८ रोजी जन्मलेल्या आणि ५ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत निधन पावलेल्या या मराठी कलावंताने शंभरच्या आसपास हिंदी चित्रपटांना संगीत दिले. शिवाय मराठी व दाक्षिणात्य चित्रपटांतही त्यांनी काम केले. संगीतकार म्हणून त्यांचे नाव सी. रामचंद्र असे छापले जाई. त्याच ध्वनिमुद्रिकेवर गायक म्हणून मात्र केवळ चितळकर एवढाच उल्लेख असे. त्यामुळे ही दोन वेगवेगळी माणसे आहेत, असा समज अनेक श्रोत्यांनी दीर्घकाळ बाळगला.

आजच्या नृत्यसंगीतात पाहुण्या आवाजाची प्रथा चांगलीच रुळली आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेतील शिकागो शहरात हाऊस संगीताचा उदय झाला आणि त्या दशकाच्या अखेरीस त्याच्या अखंड ठेक्यावर रॅपरला बोलावले जाऊ लागले. संगीत दुसऱ्याचे, सुरेल मुखडा तिसऱ्याचा आणि मध्येच येऊन तालावर शब्द फेकणारा हा पाहुणा. गाण्यातला त्याचा वाटा थोडा असतो, पण गाण्याला तरतरी येते ती त्याच्यामुळे. रॅप हा शब्दही भारतात पोहोचला नव्हता अशा काळात हिंदी चित्रपटातील नाचत्या गाण्यांत अशाच प्रकारची कामगिरी चितळकर या आवाजाने बजावली. फरक इतकाच, की येथे यजमान आणि पाहुणा ही एकच व्यक्ती होती.

पुणतांबे, पुणे, नागपूर

गोदावरीच्या काठावरील पुणतांबे हे अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील गाव चांगदेवांच्या समाधीमुळे महाराष्ट्राला परिचित आहे. याच गावी रामचंद्र चितळकर यांचा जन्म झाला. पुण्याच्या गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे आणि नागपूरच्या श्रीराम संगीत विद्यालयात शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांनी शास्त्रीय संगीताचे धडे घेतले. विनायकबुवा हे पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांचे शिष्य. ग्वाल्हेर घराण्याची शिस्तबद्ध तालीम त्यांच्या विद्यालयात मिळत असे. पुढे ज्यांच्यावर उडत्या चालींचे संगीतकार असा शिक्का बसला, त्यांचा पाया हा असा होता, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

बोलपट नुकताच स्थिरावत होता आणि गाता येणाऱ्या तरुणांना पडद्यावर मागणी होती. वाय. व्ही. राव यांच्या १९३५ च्या 'नागानंद' या चित्रपटात रामचंद्र यांना थेट नायकाची भूमिका मिळाली. परंतु त्या यशाचे दार पुढे उघडले नाही. सोहराब मोदी यांच्या मिनर्व्हा मूव्हिटोनमध्ये ते दाखल झाले तेव्हा त्यांच्या वाट्याला किरकोळ भूमिका आल्या. 'सैद-ए-हवस' (१९३६) आणि 'आत्मतरंग' (१९३७) या चित्रपटांत ते छोट्या कामांत दिसले. अभिनयात आपले भवितव्य नाही, हे ओळखून ते मिनर्व्हाच्या संगीत विभागात पेटीवादक झाले. बुंदू खाँ आणि हबीब खाँ या तेथील संगीतकारांच्या हाताखाली त्यांनी साथसंगत केली.

नायकाच्या खुर्चीवरून पेटीपाशी येणे ही बाहेरून पाहता पीछेहाट होती. पण संगीतकार घडला तो याच खोलीत. चाल कशी सुचते, गायकाला ती कशी शिकवली जाते, दिग्दर्शकाला ती कशी पटवावी लागते आणि तालमीत ती कशी बदलत जाते, हे सारे त्यांनी पेटीच्या मागे बसून पाहिले.

मद्रासची वाट आणि अनेक नावे

स्वतंत्र संगीतकार म्हणून त्यांना पहिली संधी मिळाली ती तमिळ चित्रपटांत. 'जयक्कोडी' (१९४०) आणि 'वनमोहिनी' (१९४१) या चित्रपटांना त्यांनी संगीत दिले. दोन्ही चित्रपट भगवान आबाजी पालव, म्हणजेच पुढे मास्टर भगवान आणि भगवानदादा या नावाने प्रसिद्धीस आलेल्या मराठी कलावंताने दिग्दर्शित केले होते. भगवान यांच्याच 'सुखी जीवन' (१९४२) या चित्रपटाद्वारे त्यांनी हिंदीत पदार्पण केले. मारामारीच्या, कमी खर्चाच्या चित्रपटांत रमणारे भगवान आणि पेटीवरून नुकतेच उठलेले रामचंद्र यांची ही जोडी पुढे चित्रपटसंगीताला वळण देणारी ठरणार होती.

या पहिल्या वर्षांत त्यांच्या कामांवर वेगवेगळी नावे आढळतात. 'सुखी जीवन'सारख्या आरंभीच्या चित्रपटांत ते राम चितळकर होते, काही चित्रपटांत अण्णासाहेब, तर 'ये है दुनिया'मध्ये शामू. सी. रामचंद्र हे नाव स्थिर झाल्यावरही गाण्यासाठी त्यांनी आपले आडनाव वेगळे राखून ठेवले. संगीतकाराची प्रतिष्ठा आणि गायकाचा खट्याळपणा यांना दोन स्वतंत्र खाती मिळाली आणि त्याचा लाभ दोघांनाही झाला.

'शहनाई'चा धक्का

फिल्मिस्तान ही संस्था १९४३ साली बॉम्बे टॉकीजमधून बाहेर पडलेल्या शशधर मुखर्जी, अशोककुमार आदी मंडळींनी उभी केली. करमणूकप्रधान आणि संगीतप्रधान चित्रपटांसाठी ती लवकरच ओळखली जाऊ लागली. 'सफर' (१९४६) या चित्रपटाने सी. रामचंद्र यांचे फिल्मिस्तानमधील स्थान पक्के केले आणि १९४७ साली, स्वातंत्र्याच्या वर्षी, प्यारेलाल संतोषी दिग्दर्शित 'शहनाई'ने खळबळ उडवून दिली.

या चित्रपटातील रविवारच्या निमंत्रणाचे विनोदी गाणे देशभर पोहोचले. साहेबी थाट मिरवणारा तरुण आणि त्याच्या थाटाला भीक न घालणारी गावरान मुलगी यांच्यातील ही चकमक संतोषी यांनी लिहिली होती. चितळकर आणि मीना कपूर यांनी ती गायिली. गिटार, माउथ ऑर्गन आणि शीळ यांचा वापर, इंग्रजी वाराच्या नावावर उडी घेणारी चाल आणि बोलल्यासारखे गायिलेले शब्द यांमुळे ते गाणे त्या काळच्या इतर गाण्यांहून अगदी निराळे वाटले.

सगळ्यांनाच ते रुचले असे नाही. शास्त्रीय बैठकीच्या आणि नाट्यपदांच्या संस्कारात वाढलेल्या श्रोत्यांना हा प्रकार उथळ वाटला. या आक्षेपात तथ्य किती, हा प्रश्न सी. रामचंद्र यांच्या कारकिर्दीला अखेरपर्यंत चिकटून राहिला. त्यांचे उत्तर मात्र नेहमी पुढच्या गाण्यात असे.

पुढच्या दोन-तीन वर्षांत 'खिडकी' (१९४८), 'पतंगा' (१९४९), 'समाधी' (१९५०) आणि 'सरगम' (१९५०) या चित्रपटांनी त्यांचा दबदबा वाढवला. 'पतंगा'मधील दूरध्वनीचे गाणे विशेष उल्लेखनीय आहे. नवरा रंगूनमध्ये, बायको डेहराडूनमध्ये आणि दोघांमध्ये एक तार. राजेंद्र कृष्ण यांचे हे गीत शमशाद बेगम आणि चितळकर यांनी गायिले व पडद्यावर निगार सुलताना आणि गोप यांनी साकारले. मराठी रसिकाला या गाण्याची रचना परकी वाटण्याचे कारण नाही. एकाने प्रश्न टाकायचा, दुसऱ्याने त्याच चालीत उत्तर द्यायचे आणि ठेका कोठेही सैल पडू द्यायचा नाही, ही फडावरच्या सवाल-जवाबाचीच रीत आहे. पाश्चात्य वाद्यांच्या कपड्यांत ती नव्याने उभी राहिली, इतकेच.

गोव्याचे वादक, मुंबईचा वाद्यवृंद

सी. रामचंद्र यांच्या नव्या ध्वनीमागे केवळ एका माणसाची कल्पकता नव्हती. त्या काळी मुंबईतील मोठ्या हॉटेलांत जाझ संगीताचे वाद्यवृंद वाजत आणि त्यांतील अनेक वादक गोव्याचे होते. चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकलेले हे वादक दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात आणि रात्री हॉटेलांत काम करीत. अल्डोना येथील अँतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट हे त्यांतील एक ठळक नाव. मुंबईच्या ताज महाल हॉटेलात त्यांचा वाद्यवृंद गाजत असे आणि ट्रंपेटवर त्यांची हुकमत होती. सी. रामचंद्र यांचे साहाय्यक म्हणून त्यांनी केलेल्या कामाचा ठसा या काळातील गाण्यांवर स्पष्ट दिसतो.

कामाची पद्धत साधारणपणे अशी असे. संगीतकार पेटीवर चाल बांधी. संयोजक ती स्वरलेखनात उतरवून व्हायोलिन, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, ट्रंपेट अशा प्रत्येक वाद्याचे कागद तयार करी. तालमी झाल्यावर गायक आणि वादक एकत्र उभे राहून संपूर्ण गाणे सलग ध्वनिमुद्रित करीत. आवाज आणि वाद्ये निरनिराळी मुद्रित करून नंतर जुळवण्याची सोय तेव्हा नव्हती. एकाची चूक झाली तर सर्वांनी पुन्हा आरंभापासून वाजवायचे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे संगीत मावत असे. एवढ्या वेळात मुखडा, अंतरे, वाद्यांचे तुकडे आणि चुरचुरीत संवाद बसवायचे, तर एकही मात्रा वाया घालवून चालत नसे. सी. रामचंद्र यांच्या गाण्यांत जो नेटकेपणा जाणवतो, त्याचे एक कारण या मर्यादेत आहे.

परकीय चालींचे ऋण त्यांनी घेतले, हेही नोंदवले पाहिजे. 'समाधी'मधील लता मंगेशकर आणि अमीरबाई कर्नाटकी यांच्या आवाजातील 'गोरे गोरे' या गाण्यामागे लॅटिन अमेरिकी धाटणीचे 'चिको चिको फ्रॉम पोर्टो रिको' हे तेव्हा गाजलेले गाणे होते. आजच्या स्वामित्वहक्काच्या दृष्टीने पाहता हा व्यवहार निर्दोष म्हणता येणार नाही. तथापि, मूळ चालीत हिंदी शब्दांचे वजन नेमके बसवणे आणि तिला थट्टामस्करीचे रूप देणे, हे काम केवळ उचलेगिरीने साधणारे नव्हते.

'अलबेला' : दोन मित्रांचे शिखर

१९५१ साली भगवान यांनी 'अलबेला' निर्माण केला. मारामारीच्या चित्रपटांचा नट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या स्थूल, बुटक्या माणसाने स्वतः नायकाची भूमिका घेतली आणि गीता बाली या लोकप्रिय अभिनेत्रीला नायिका म्हणून घेतले. नाटकात नाव कमावण्याचे स्वप्न पाहणाऱ्या सामान्य तरुणाची ही कथा होती. संगीत अर्थातच सी. रामचंद्र यांचे आणि गीते राजेंद्र कृष्ण यांची. चित्रपटाने अफाट लोकप्रियता मिळवली.

भगवान यांच्यासाठी गाताना चितळकर या आवाजाला त्याचा खरा देह सापडला. हा आवाज रफींसारखा व्यापक नव्हता, तलत यांच्यासारखा तलम नव्हता आणि त्याला तसे असण्याची गरजही नव्हती. गल्लीतला एखादा हजरजबाबी तरुण जसा बोलता बोलता गाऊ लागतो, तसा तो होता. समोर लता मंगेशकर यांचा निर्मळ, उंच स्वर आणि त्याखाली चितळकरांचा किंचित खरखरीत, हसरा ठेका, या विरोधातून 'शोला जो भडके'सारख्या गाण्यांची रंगत वाढली. बोंगो, ओबो, क्लॅरिनेट, ट्रंपेट आणि सॅक्सोफोन यांचा मेळ त्या गाण्यात ज्या प्रमाणात वापरला आहे, तो आजही अभ्यासण्यासारखा आहे. एकही वाद्य दुसऱ्याच्या पायात येत नाही. चिक चॉकलेट आणि त्यांचे वादकही या चित्रपटात पडद्यावर झळकले. एरवी ध्वनिमुद्रणाच्या खोलीत अदृश्य राहणाऱ्या गोव्याच्या कलावंतांना मिळालेला हा दुर्मीळ मान होता.

'अलबेला'तील गीतांच्या बळावर भगवान यांचे नृत्यही अजरामर झाले. हात अर्धे उचललेले, पाय जागच्या जागी थिरकणारे आणि चेहऱ्यावर निरागस आनंद. कोणत्याही नृत्यशाळेत न गेलेल्या माणसाला जमेल असे हे नृत्य होते. गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीपासून लग्नाच्या वरातीपर्यंत महाराष्ट्राने ते आपलेसे केले. पुढच्या पिढ्यांतील नामांकित नटांनीही त्याचे अनुकरण केले. सी. रामचंद्र यांची चाल आणि भगवान यांचे पाऊल या दोन्हींत एक समान गुण होता. ती सामान्य माणसाच्या आवाक्यातली होती.

याच चित्रपटात लता मंगेशकर यांनी गायिलेली अंगाईही आहे. पिलू रागाच्या छायेतील ती रचना ऐकली, की नाचत्या गाण्यांचा हा संगीतकार शांत रसातही किती खोल उतरू शकत असे, याची खात्री पटते.

आकाशवाणीचे बंद दार

'अलबेला'ची गाणी घरोघरी गुणगुणली जात असतानाच चित्रपटसंगीतावर एक संकट आले. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे कट्टर पुरस्कर्ते असलेल्या केसकर यांना चित्रपटगीते, विशेषतः पाश्चात्य वळणाची, जनतेच्या अभिरुचीला घातक वाटत. आकाशवाणीवरील चित्रपटगीतांचे प्रमाण कमी करण्यात आले, गाण्यांची छाननी होऊ लागली आणि प्रसारणात चित्रपटाचे नाव सांगणे बंद झाले. त्यावर निर्मात्यांनी आपल्या गाण्यांची परवानगी मागे घेतली. परिणामी चित्रपटसंगीत काही वर्षे आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीसे झाले.

या वादात दोन्ही बाजूंना मराठी माणसे होती, हा योगायोग लक्षणीय आहे. केसकर हे पुण्याचे, तर सी. रामचंद्र यांनी पुण्याच्याच गांधर्व महाविद्यालयात संगीताचे शिक्षण घेतलेले. एकाला भारतीय संगीताचे रक्षण करायचे होते. दुसरा त्याच संगीताच्या तालमीतून येऊन बोंगोच्या ठेक्यावर गाणी बांधत होता. केसकर यांचा हेतू प्रामाणिक होता यात शंका नाही. शास्त्रीय कलावंतांना आकाशवाणीने याच काळात मोठा आधार दिला. परंतु श्रोत्यांनी आपला निर्णय स्वतः घेतला. त्यांनी रेडिओचा काटा रेडिओ सिलोनकडे वळवला. १९५२ च्या अखेरीस तेथून सुरू झालेल्या 'बिनाका गीतमाला' या अमीन सयानी यांच्या कार्यक्रमाने भारतीय घरांत अढळ स्थान मिळवले.

अखेरीस ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि चित्रपटसंगीत आकाशवाणीवर सन्मानाने परतले. त्यानंतर अनेक दशके सी. रामचंद्र यांची नाचती गाणी याच राष्ट्रीय प्रसारणातून वाजत राहिली.

अर्थहीन शब्दांचा अर्थपूर्ण ताल

विविध भारतीच्या जन्मवर्षीच एम. व्ही. रामन दिग्दर्शित 'आशा' हा चित्रपट आला. त्यातील 'ईना मीना डीका' हे गाणे किशोरकुमार आणि आशा भोसले यांनी स्वतंत्रपणे गायिले. जाझ संगीतात गायक अर्थहीन अक्षरांवर वाद्यासारखा खेळतो, त्या पद्धतीचा हा हिंदीतील गाजलेला प्रयोग होय. संगीतकाराच्या खोलीबाहेर खेळणाऱ्या मुलांच्या इंग्रजी मोजणीगाण्यातून त्याची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. जॉन गोम्स या गोव्याच्या साहाय्यकाने त्यात कोकणी नकाराचे दोन शब्द घातले, अशीही नोंद आहे. त्यामुळे जगभर गायिल्या गेलेल्या या हिंदी गाण्यात कोकणीचा एक लहानसा तुकडा कायमचा राहून गेला.

शब्दांचा अर्थ काढून टाकल्यावर त्यांचा नाद आणि वजनच उरते. तबल्याचे बोल, कथकातील पढंत आणि लहान मुलांची खेळांतील गाणी यांत हा आनंद आपल्याला परिचित असतो. आजचा रॅपरही शब्दाच्या अर्थाइतकाच त्याच्या आघातावर विसंबून असतो. सी. रामचंद्र यांना हे तत्त्व उमगले होते. शब्दाचा नैसर्गिक ठेका कोठे पडतो हे आधी पाहायचे आणि मग चाल बांधायची, ही त्यांची रीत त्यांच्या विनोदी गाण्यांत जशी दिसते, तशीच गंभीर गाण्यांतही.

'अनारकली' आणि दुसरी बाजू

केवळ उडत्या गाण्यांवरून सी. रामचंद्र यांची पारख केली तर ती अपुरी ठरेल. १९५३ च्या 'अनारकली' या फिल्मिस्तानच्या चित्रपटाने त्यांना सर्वोच्च पंक्तीत नेऊन बसवले. भीमपलासी, बागेश्री यांसारख्या रागांवर आधारलेल्या त्या रचनांत लता मंगेशकर यांच्या आवाजाचे विलक्षण दर्शन घडते. बागेश्री हा तर त्यांचा लाडका राग. 'आझाद' (१९५५) या दिलीपकुमार व मीनाकुमारी यांच्या चित्रपटातही त्याचा सुंदर वापर आढळतो. याच चित्रपटात चितळकरांनी लता मंगेशकर यांच्यासह एक प्रणयगीत इतक्या हळुवारपणे गायिले, की अनेकांना तो तलत महमूद यांचा आवाज वाटतो. खट्याळ पाहुणा म्हणून ओळखला जाणारा हा आवाज नायकाची जागाही घेऊ शकत होता. पण त्याने ती क्वचितच घेतली.

व्ही. शांताराम यांच्या 'परछाई' (१९५२), 'नवरंग' (१९५९) आणि 'स्त्री' (१९६१) या चित्रपटांना त्यांनी दिलेले संगीत हाही त्यांच्या कर्तृत्वाचा महत्त्वाचा भाग आहे. 'नवरंग'मध्ये भरत व्यास यांच्या गीतांना त्यांनी भारतीय नृत्यतालांचा साज चढवला. पाश्चात्य ठेक्यावर हुकमत गाजवणारा संगीतकार ढोलकी आणि घुंगरांच्या दुनियेतही तितक्याच सहजतेने वावरतो, हे त्या चित्रपटाने सिद्ध केले.

दरम्यान लता मंगेशकर आणि सी. रामचंद्र यांच्यात दुरावा निर्माण झाला होता. ज्या आवाजावर त्यांच्या गंभीर रचनांची भिस्त होती, तोच त्यांच्यापासून दूर गेला. आशा भोसले यांनी 'आशा' आणि 'नवरंग'मध्ये आपल्या गुणांनी ही उणीव जाणवू दिली नाही. तरीही संगीतकाराच्या कारकिर्दीवर या घटनेचा परिणाम झाला, हे नाकारता येत नाही.

२७ जानेवारी १९६३

१९६२ च्या चीन युद्धातील पराभवाने देश खिन्न झाला होता. २७ जानेवारी १९६३ रोजी नवी दिल्लीतील राष्ट्रीय क्रीडागारात पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या उपस्थितीत झालेल्या कार्यक्रमात लता मंगेशकर यांनी 'ऐ मेरे वतन के लोगो' हे गीत गायिले. शब्द कवी प्रदीप यांचे आणि संगीत सी. रामचंद्र यांचे होते. दुरावा बाजूला ठेवून संगीतकार आणि गायिका या गीतासाठी एकत्र आले होते. गीत ऐकून नेहरूंचे डोळे पाणावले, हा प्रसंग सर्वश्रुत आहे.

या रचनेत वाद्यांचा गजर नाही आणि वीरश्रीचा आवेशही नाही. एखाद्याने जवळ बसवून घडलेली हकिकत सांगावी, तशी ती चाल संथपणे उलगडत जाते. शब्दांना पूर्ण मोकळीक मिळते आणि श्रोता प्रत्येक शब्द ऐकतो. ठेक्याच्या जोरावर देशाला नाचवणाऱ्या संगीतकाराने ठेका जवळजवळ मिटवून देशाला स्तब्ध केले. शब्दाचे वजन ओळखण्याची जी दृष्टी विनोदी गाण्यांत होती, तीच येथे शोकगीताच्या कामी आली. स्वातंत्र्यदिन आणि प्रजासत्ताकदिनाला हे गीत आजही देशभर ऐकू येते. मात्र ते ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना 'अलबेला'चा संगीतकार तोच, हे ठाऊक नसते.

उतरता काळ

साठच्या दशकात चित्रपटसंगीताची हवा पालटली. वाद्यवृंद मोठे झाले, रंगीत चित्रपट आले, नवे संगीतकार पुढे आले. ज्या पाश्चात्य ठेक्यासाठी सी. रामचंद्र यांच्यावर टीका झाली होती, तो आता सर्वांच्याच गाण्यांचा अविभाज्य भाग बनला होता. परंतु वाट पाडणाऱ्याकडे येणारे काम मात्र कमी होत गेले. हिंदी चित्रपट मोजकेच मिळू लागले.

या काळात ते मराठीकडे वळले. 'धनंजय' (१९६६) आणि 'घरकुल' (१९७०) या मराठी चित्रपटांची निर्मिती व संगीत त्यांनी केले. 'घरकुल'मध्ये सुरेश भट यांच्या शृंगारिक गीताला आशा भोसले यांच्या आवाजात दिलेली चाल आणि अँडी विल्यम्स यांनी गायिलेल्या 'हाऊस ऑफ बॅम्बू' या इंग्रजी गाण्याचा मराठी अवतार या दोन्ही गोष्टी एकाच चित्रपटात नांदतात. त्यांच्या प्रतिभेची दोन्ही टोके त्यात एकत्र पाहायला मिळतात. ग. दि. माडगूळकर यांच्या 'गीतगोपाल' या कृष्णचरित्रपर गीतमालेला त्यांनी संगीत दिले. रंगमंचावरील कार्यक्रमांतूनही ते आपली गाणी रसिकांसमोर सादर करीत. १९७७ साली 'माझ्या जीवनाची सरगम' हे त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. चौसष्टावा वाढदिवस एका आठवड्यावर आला असताना, ५ जानेवारी १९८२ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचे मित्र भगवान यांच्या नशिबी अधिक खडतर उत्तरायुष्य आले. 'अलबेला'च्या यशातून मिळालेला बंगला आणि गाड्या गेल्या आणि ते दादरच्या चाळीत परतले. ४ फेब्रुवारी २००२ रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला.

हलके गाणे, भारी कारागिरी

सी. रामचंद्र यांच्या कार्याचे मोल ठरवताना एक जुना प्रश्न पुन्हा समोर येतो. नाचायला लावणारे गाणे हे मुळातच दुय्यम दर्जाचे असते काय? राज्यकर्त्यांनी, समीक्षकांनी आणि कधीकधी रसिकांनीही या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर दिले. सी. रामचंद्र यांच्या कारकिर्दीने त्याला नकार दिला. ग्वाल्हेर घराण्याची तालीम, पेटीवादकाचा अनुभव, गोव्याच्या वादकांचे स्वरलेखन, राजेंद्र कृष्ण आणि संतोषी यांची चटपटीत भाषा व स्वतःचा साधा, हसरा आवाज या सर्वांचा मेळ घालून त्यांनी तीन मिनिटांचे नाचते गाणे कारागिरीच्या दृष्टीने कोणत्याही गंभीर रचनेच्या बरोबरीला आणले.

आज भारतीय चित्रपटांत रॅप सर्रास ऐकू येतो. मुंबईच्या वस्त्यांतून मराठी आणि हिंदीत रॅप करणारे तरुण पुढे आले आहेत आणि नृत्यगीतांत त्यांना पाहुणे म्हणून बोलावले जाते. त्यांच्या शब्दांचा विषय वेगळा आहे, संगणकावर तयार होणारा ठेकाही वेगळा आहे. परंतु भरलेल्या वाद्यमेळात मध्येच शिरून चार चुरचुरीत शब्द तालावर बसवायचे आणि श्रोत्याला हसते-नाचते करून बाजूला व्हायचे, ही जागा हिंदी चित्रपटगीतात फार पूर्वीच तयार झाली होती. ती तयार करणाऱ्यांत पुणतांब्याच्या चितळकरांचा वाटा मोठा आहे.